मन वळवण्याची शब्दयादी

‘माझे मामा मिलिटंट आहेत आणि मला त्यांचा अभिमान वाटतो.’

सतरा वर्षांच्या एका मुलीनं इंग्रजीत लिहिलेल्या अर्जातलं हे तिसरं वाक्य. अर्ज बंगळुरूच्या एका स्वयंसेवी संस्थेकडे जायचा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे बिनपगारी काम करायला मिळावं, एवढीच तिची मागणी. मी पाँडिचेरीत राहते, फ्रेंचमधून मराठीत भाषांतरं करते, आणि भाषांतरावर घर चालत नाही म्हणून संध्याकाळी फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवते. हे वाक्य वाचून मी आधी हसले आणि मग घाबरले. तिचे मामा पॅरिसच्या एका उपनगरात बस चालवतात आणि उरलेल्या वेळात कामगार संघटनेचं काम करतात. फ्रेंचमध्ये अशा माणसाला ‘मिलिताँ’ म्हणतात. पक्षाची वर्गणी भरणारा, रविवारी बाजाराच्या तोंडाशी उभा राहून पत्रकं वाटणारा, तो मिलिताँ. मराठीत त्याला आपण कार्यकर्ता म्हणू. भारतीय वर्तमानपत्रांच्या इंग्रजीत ‘मिलिटंट’ कोणाला म्हणतात, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. बंगळुरूच्या त्या संस्थेतल्या कोणीतरी हा अर्ज वाचला असता, आणि त्या मुलीला उत्तर का आलं नाही, हे तिला कधीच कळलं नसतं.

मी शब्द खोडला आणि वर ‘ॲक्टिव्हिस्ट’ लिहिलं. लिहून झाल्यावर पुन्हा थबकले, कारण तो शब्दही आपल्याकडे आता बिनवजनाचा राहिलेला नाही. ती शांतपणे म्हणाली, “पण मादाम, यादीत तर आहे.” आणि तिनं दप्तरातून झेरॉक्स काढून पुढे केली.

खरंच होतं. दोन रकाने, डावीकडे फ्रेंच, उजवीकडे इंग्रजी. ‘मिलिताँ’च्या समोर लिहिलं होतं: ॲक्टिव्हिस्ट, स्वल्पविराम, मिलिटंट. हा लेख त्या स्वल्पविरामाविषयी आहे.

थोडं या गावाविषयी सांगते. १९५४ साली फ्रेंचांनी पाँडिचेरीचा कारभार भारताकडे दिला, आणि १९६२ साली कायद्यानं हस्तांतर पूर्ण झालं. त्या वेळी इथल्या लोकांना फ्रेंच नागरिकत्व ठेवण्याची मुभा होती. ज्यांनी ते ठेवलं त्यांची नातवंडं-पतवंडं आजही फ्रेंच परीक्षा देतात. घरात तमिळ, शाळेत फ्रेंच, रिक्षावाल्याशी तमिळ, आणि सिनेमा, समाजमाध्यमं, भविष्य हे सगळं इंग्रजीत. शालान्त परीक्षेला, म्हणजे बाकालोरेआला, इंग्रजी ही त्यांची परकीय भाषा. ती शिकवायला मी, जिची मातृभाषा मराठी. आमच्या टेबलाभोवती इंग्रजी कोणाचीच नाही, आणि सगळ्यांचं काम तिच्यावाचून अडतं. मुलगी बोलताना फ्रेंच ‘ऑन्क्ल’ न म्हणता तमिळमधलं ‘मामा’ म्हणाली, ते मला तसंच्या तसं कळलं. फ्रेंच आणि इंग्रजी दोघींनाही आईचा भाऊ वेगळा दाखवता येत नाही.

आता यादी. फ्रान्समध्ये इंग्रजी शब्दसंग्रहाची पुस्तकं विषयवार असतात: निसर्ग, कुटुंब, प्रवास, शासनव्यवस्था, आणि हमखास एक प्रकरण ‘पटवून देणं आणि सहभागी होणं’ या धर्तीचं. या प्रकरणाला तिथे महत्त्व आहे. २०१९च्या फेररचनेनंतर इंग्रजी साहित्य-संस्कृती हा विशेष विषय घेणाऱ्यांच्या शेवटच्या वर्षात ‘कला आणि विचारांचे वाद’ अशी एक विषयवाट आहे. तिच्यात कलेतून केलेला प्रतिकार येतो, वाद ओढवणारी कला येते, आणि वादविवादाची कलाही येते. मुलांना भाषणं, पोस्टर, जाहिराती, निषेधाची गाणी यांवर इंग्रजीत बोलावं-लिहावं लागतं. त्यासाठी हत्यारं म्हणून ही यादी.

तुलनात्मक साहित्याच्या वर्गात आम्हाला कादंबरी वाचायला शिकवलं, महाकाव्य वाचायला शिकवलं. शब्दयादी वाचायला कोणी शिकवलं नाही. हे खरं तर आश्चर्यच, कारण आपण याद्यांच्याच देशातले. अमरकोश काय आहे? तोही वर्गवार रचलेला आहे, तोही मुलांनी पाठ करायचा. शिवकाळातला राजव्यवहारकोश तर माझ्या मते आपल्याकडची सर्वांत निश्चयी शब्दयादी. फारसी राज्यशब्दांच्या जागी संस्कृत शब्द बसवायचे, म्हणजे नुसता अर्थ सांगायचा नव्हता, सत्ता कोणाची हे सांगायचं होतं. त्या कोशाला मत आहे. माझ्यासमोरच्या झेरॉक्सलाही मत आहे, पण ते लपलेलं आहे, आणि लपण्याची जागा म्हणजे तो स्वल्पविराम. दोन शब्दांमध्ये तो टाकला की यादी म्हणते, यातला कुठलाही घ्या, सारखेच आहेत. समीक्षक म्हणून मला विचारायचं आहे की सारखे कोणासाठी.

मिलिटंटच्या बाबतीत न्याय करायचा तर यादी करणारा चुकला असं म्हणता येत नाही, तो फक्त जुन्या काळात राहिला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मताच्या हक्कासाठी खिडक्या फोडणाऱ्या ब्रिटिश स्त्रियांना इंग्रजीत मिलिटंट म्हणत. १९८०च्या दशकात लिव्हरपूलच्या महापालिकेत गाजलेला मजूर पक्षातला डावा गट हेच नाव मिरवत होता. त्या इंग्रजीत मामा बसले असते. बंगळुरूच्या इंग्रजीत बसत नाहीत. यादीला शाळेचा एक शिक्का असतो, पण तिच्यातल्या प्रत्येक शब्दाला स्वतःची तारीख आणि स्वतःचं गाव असतं. ते दोन रकान्यांत मावत नाही.

फ्रेंच शिक्षक अशा शब्दांना ‘फोझामी’, खोटे मित्र म्हणतात. १९२८ साली केस्लर आणि देरोकिन्यी या दोघांनी भाषांतरकारांसाठी लिहिलेल्या पुस्तकातून हे नाव रूढ झालं. त्या पुस्तकाच्या शीर्षकात इंग्रजी शब्दांच्या ‘विश्वासघाता’चाही उल्लेख आहे. मला हे नाव कधी आवडलं नाही. शब्दांनी मैत्रीचं वचन दिलंच कधी होतं? १०६६नंतर नॉर्मन लोक इंग्लंडात गेले, आपले शब्द घेऊन गेले, आणि पुढे दोन घरं झाली. याला मराठीत भाऊबंदकी म्हणतात. आडनाव एक, बांध वेगळा, आणि बांधावरूनच भांडण. ‘काजोले’चं उदाहरण घ्या. आजच्या फ्रेंचमध्ये याचा अर्थ लाड करणं, कुरवाळणं. आई बाळाला काजोले करते. इंग्रजीत गेलेला भाऊ ‘कजोल’ गोड बोलून काम साधून घेतो. विद्यार्थी लिहितात, ‘आजीनं मला कजोल केलं’, आणि परीक्षकाला आजीच्या हेतूविषयी शंका येते. मजा अशी की मराठीतला ‘लाडीगोडी’ हा एकच शब्द दोन्ही घरं सांभाळतो. त्यात लाडही आहे आणि मागणीही आहे, आणि ऐकणाऱ्याला दोन्ही एकदम कळतात.

यादीच्या सुरुवातीलाच दोन क्रियापदं आहेत, आणि ती म्हणजे या प्रकरणाचा कणा. फ्रेंच ‘काँव्हँक्र’ आणि ‘पेर्स्युआदे’. समोर इंग्रजी ‘कन्व्हिन्स’ आणि ‘पर्स्वेड’. दोन्हींची मुळं एक, स्पेलिंग जवळजवळ एक, विद्यार्थी निश्चिंत. पण फ्रेंच शाळेत या दोन शब्दांमधली भिंत लहानपणापासून बांधतात. काँव्हँक्र म्हणजे बुद्धीला पटवणं, पेर्स्युआदे म्हणजे भावनेला हात घालणं. २०००नंतरच्या दशकात फ्रेंच साहित्याच्या अभ्यासक्रमात ही दोन क्रियापदं आणि त्यांच्या जोडीला ‘विचारविनिमय करणं’ अशी तीन क्रियापदं घटकाचं शीर्षक म्हणूनच होती. एका अख्ख्या पिढीनं भाषणं वाचली ती ही चाळणी हातात घेऊन. चाळणी जुनी आहे. पास्कालनं सतराव्या शतकात मन वळवण्याच्या कलेवर एक छोटं टिपण लिहिलं. मतं माणसात दोन दारांनी शिरतात, एक समजेचं आणि एक इच्छेचं, असं तो मांडतो. आणि माणसं बहुतेक वेळा दुसऱ्याच दारानं जिंकली जातात हेही कबूल करतो. मग म्हणतो की या दुसऱ्या, आवडून घेण्याच्या कलेचे नियम लिहिणं आपल्या आवाक्यातलं नाही. मला तो कबुलीजबाब त्याच्या सगळ्या भूमितीपेक्षा मोठा वाटतो. १९५८ साली ब्रसेल्सच्या पेरेलमन आणि ओल्ब्रेख्त्स-तितेका यांनी आपल्या युक्तिवादावरच्या ग्रंथात तीच भिंत दुसऱ्या जागी बांधली. विशिष्ट श्रोत्यांपुरतं जे चालतं ते पेर्स्युआदे, आणि कोणत्याही विचारी माणसानं मान्य करावं असा ज्याचा दावा असतो ते काँव्हँक्र.

इंग्रजीत भिंत आहे, पण ती या जागी नाही. जुन्या वळणाच्या इंग्रजीत कन्व्हिन्सच्या मागे येतं ते मत, पर्स्वेडच्या मागे येते ती कृती. धूम्रपान वाईट हे मला कन्व्हिन्स केलं जातं. सिगारेट टाकून दे म्हणून मला पर्स्वेड केलं जातं. बोलण्यात हा भेद आता सैल झालाय, तरी कान त्याच दिशेला असतो. म्हणजे फ्रेंच विचारते, तू कुठल्या दारानं आत गेलास. इंग्रजी विचारते, आत जाऊन काय घडवलंस. माझी विद्यार्थिनी एका भाषणावर लिहिते, ‘वक्ता आधी कन्व्हिन्स करतो आणि नंतर पर्स्वेड करतो.’ फ्रेंच डोक्यात हे वाक्य नीट विश्लेषण आहे: आधी तर्क, नंतर भावना. इंग्रजी वाचणाऱ्याला ते नुसती पुनरुक्ती वाटतं. तिनं काहीतरी खरं पाहिलं होतं, आणि ते वाटेत सांडलं. यादीच्या दृष्टीनं मात्र वाक्यात एकही चूक नाही.

‘पर्स्वेड’च्या मुळाशी जे लॅटिन क्रियापद आहे ते गोड या अर्थाच्या विशेषणाच्या घरातलं, आणि भाषाशास्त्रज्ञ आपला ‘स्वादु’ त्याच घरात मोजतात. ‘कन्व्हिन्स’मध्ये जिंकणं आहे. एका शब्दात जीभ, दुसऱ्यात तलवार. हे मी मुलांना सांगते तेव्हा ती वहीत लिहून घेतात, परीक्षेत उपयोग शून्य असला तरी.

मग मराठीत काय आहे, असं मला मुलं विचारतात. माझी मराठी त्यांना दूरच्या नातेवाइकासारखी वाटते, कधीतरी भेटणारी. मी सांगते की आमच्याकडे मूळ क्रियापद पटवणाऱ्याचं नाहीच. ‘मला पटलं.’ यात कर्त्याच्या जागी पटवणारा नाही, मीही नाही; मी चतुर्थीत बाजूला बसलेली आहे, आणि ती गोष्ट आपल्याआप माझ्यापाशी येऊन जुळली. भूक लागते, आठवण येते, तसं पटतं. पटवणं हे नंतर केलेलं प्रयोजक रूप, आणि त्याच्याकडे बघण्याची आपली नजर जरा तिरकीच आहे. गिऱ्हाईक पटवतात, पोरगी पटवतात. सभ्य माणूस ‘पटवून देतो’. त्या ‘देतो’नं थोडी इभ्रत सांभाळली जाते. मुलीनं विचार करून सांगितलं की तमिळमध्ये ‘सम्मदिक्क वै’ म्हणतात, म्हणजे संमती द्यायला लावणं. तिथेही प्रयोजक. मग ती म्हणाली, “म्हणजे आपल्याकडे शेवटचा शब्द ऐकणाऱ्याचा.” भाषांच्या व्याकरणावरून माणसांच्या स्वभावाचे निष्कर्ष काढू नयेत असं मी तिला शिक्षिकेच्या तोऱ्यात सांगितलं, आणि तेच वाक्य घरी येऊन वहीत लिहून ठेवलं.

यादी सगळ्यात दुबळी कुठे असेल तर इंग्रजीच्या छोट्या शब्दांपाशी. टॉक समवन इन्टू, टॉक समवन आउट ऑफ. इंग्रजी मन वळवण्याला जागा मानते; माणसाला बोलून बोलून एका निर्णयात ढकलता येतं, किंवा त्यातून बाहेर ओढता येतं. या रचनेत शब्द जवळजवळ कितीही बदलता येतात. धमकावून आत, फसवून आत, लाजवून आत, गोंजारून आत. क्रियापद पद्धत सांगतं, इन्टू परिणाम सांगतो. फ्रेंचला हे एका झटक्यात जमत नाही. तिला परिणाम क्रियापदात घालून पद्धत मागे शेपटासारखी लावावी लागते. व्हिने आणि दार्बेलने यांनी १९५८च्या आपल्या तौलनिक शैलीशास्त्रात हा भेद पोहून नदी पार करण्यासारख्या हालचालींच्या क्रियापदांवरून उलगडला होता. मन वळवण्याच्या क्रियापदांना तो तितकाच लागू पडतो, पण यादीत टॉक इन्टूच्या समोर फक्त ‘काँव्हँक्र’ लिहून मोकळे झालेत. म्हणजे तर्कानं जिंकण्याचा फ्रेंच शब्द, बडबडून गळी उतरवण्याच्या इंग्रजी शब्दासमोर! पास्काल काय म्हणाला असता.

‘नज’ या शब्दाचीही तीच गत. थेलर आणि सन्स्टीन यांच्या २००८च्या पुस्तकानंतर हा शब्द धोरणांच्या भाषेत शिरला, फ्रेंचमध्येही बहुधा तसाच वापरतात. भाषांतर करायचंच तर ‘अंगठ्याचा धक्का’ असा एक घरगुती वाक्प्रचार पुढे करतात, ज्याचा अर्थ थोडीशी मदत. इंग्रजीत मात्र धक्का कोपरानं दिलेला आहे. मराठीत कोपरानं दिलेल्या धक्क्याला कोपरखळी म्हणतात, आणि ती मारली की समोरचा सुधारत नाही, चिडतो. तिन्ही भाषांत हात एकच, फक्त कुठला भाग लागला यावर सगळं अवलंबून.

यादीचा दुसरा भाग सहभागाचा आहे, आणि इथे माझा तिच्यावरचा राग खरा होतो.

‘आँगाज्माँ.’ समोर: कमिटमेंट, स्वल्पविराम, इन्व्हॉल्व्हमेंट. यादी निदान एवढं सांगते की इंग्रजी एंगेजमेंट नको, नाहीतर पंधराव्या वर्षापासूनच्या सामाजिक कामाचं वर्णन करणारी मुलगी आपला साखरपुडा जाहीर करून बसते. (हे दर वर्षी एकदा घडतंच.) पण आँगाज्माँ हा साधा शब्द नाही. त्याच्या पोटात ‘गाज’ आहे, म्हणजे तारण, गहाण ठेवलेली वस्तू. सैन्यात नाव नोंदवणं म्हणजे आँगाज्माँ. ऑक्टोबर १९४५मध्ये सार्त्रनं ‘ले ताँ मोदेर्न’ सुरू करताना आणि पुढे १९४७-४८मध्ये साहित्य म्हणजे काय याची चर्चा करताना हा शब्द लेखकावर लादला, तेव्हा युद्धाचा, शरणागतीचा, प्रतिकाराचा सगळा हिशेब त्यामागे होता. त्यानं कवितेला त्यातून सूट दिली, हे आपल्याकडच्या वादांत बरेचदा विसरलं जातं.

काम्यूनं या शब्दाला दिलेलं उत्तर मला जास्त जवळचं. १४ डिसेंबर १९५७ला, नोबेल स्वीकारल्यावर चार दिवसांनी, उप्सालाच्या व्याख्यानात तो म्हणाला की कलावंतासाठी ‘आँगाजे’पेक्षा ‘आँबार्के’, म्हणजे जहाजात चढलेला, हा शब्द अधिक योग्य आहे. कारण हे स्वेच्छेनं सैन्यात जाणं नाही, सक्तीची भरती आहे. शब्द पास्कालचा, त्याच्या प्रसिद्ध पैजेतला. म्हणजे प्रश्न असा की माणूस एखाद्या गोष्टीत स्वतःहून उतरतो, की तो आधीच तिच्यात असतो आणि त्याला ते उशिरा कळतं?

आता इंग्रजी इन्व्हॉल्व्हड पाहा. ‘ती वस्तीच्या कामात इन्व्हॉल्व्हड आहे’ आणि ‘तो मंत्री घोटाळ्यात इन्व्हॉल्व्हड आहे’. एकच शब्द, एकदा कौतुक, एकदा आरोप. मुळात लॅटिन गुंडाळणं; माणूस गुंडाळला जातो, त्यानं ठरवलं की नाही हे शब्द सांगत नाही. सार्त्र आणि काम्यू यांच्यातला आख्खा वाद या एका विशेषणात मिटून जातो, किंवा सुरूच होत नाही. यादीनं तो आँगाज्माँच्या समोर स्वल्पविरामानं लावला. आणि ‘कन्व्हिक्शन’ही: फ्रेंच माणसाला खूप काँव्हिक्स्याँ असणं हा त्याचा मान, इंग्रजीत ‘याच्या नावावर आधीच्या कन्व्हिक्शन्स आहेत’ म्हटलं की तो तुरुंगातून आलेला.

भारतीय भाषांनी या शब्दाचं काय केलं ते पाहण्यासारखं आहे. हिंदीत प्रतिबद्धता, बंगालीत दायबद्धता, मराठीत बांधिलकी. तिघींनीही गहाण सोडून दोरी घेतली. मराठीत १९७०नंतर दलित आणि ग्रामीण साहित्याच्या चर्चेत बांधिलकी हा शब्द इतका घासला गेला की आज कुठल्याही पुरस्काराच्या मानपत्रात तो आपोआप उमटतो. तरी व्याकरणानं त्याचा कणा टिकवला आहे. बांधिलकीला ‘शी’ लागतो. कोणाशी? हे विचारल्याशिवाय मराठी वाक्य पूर्ण होत नाही. इंग्रजी कमिटेडही ‘टू’ मागतो. फ्रेंचमध्ये मात्र ‘एक्रिव्हँ आँगाजे’ म्हणून थांबता येतं, कशाशी ते न सांगता, जणू तो लेखकाचा रंग आहे. आडोर्नोनं १९६२ साली सार्त्रवर टीका करताना जर्मन निबंधाला फ्रेंच शब्दच शीर्षक म्हणून ठेवला. इंग्रजीत तो ‘कमिटमेंट’ म्हणून गेला, आणि जाताना सार्त्रचा आवाज शीर्षकातून निघून गेला.

गुंतवणूक हा आमचा शब्द मुलीला फार आवडला. मराठीत पैशाचीही गुंतवणूक आणि मनाचीही. फ्रेंच ‘सँव्हेस्तिर’मध्येही माणूस स्वतःलाच भांडवलासारखा कामात घालतो. फ्रेंचची सगळी क्रियापदं इथे अशीच आत्मवाचक आहेत, माणूस स्वतःला उचलून ठेवतो. आपण त्याहून पुढे जाऊन स्वतःला झोकून देतो, वाहून घेतो, देवाला फूल वाहावं तसं. इंग्रजी फक्त ‘गेट इन्व्हॉल्व्हड’ म्हणते, पाऊस लागावा तसं.

यादीची एक गोष्ट मात्र मला अनपेक्षितपणे आपली वाटली. ‘साँसिबिलिझे’च्या समोर ‘रेझ अवेअरनेस’ आहे आणि खाली ठळक सूचना: सेन्सिटाइझ लिहू नका. हे ब्रिटिश कानांसाठी. पण भारतात पोलिसांचं सेन्सिटायझेशन होतं, शिक्षकांचं होतं, कार्यशाळांचे फलक तसेच असतात. तसंच ‘कन्सर्न्ड’: फ्रेंच माणूस काँसेर्ने असतो म्हणजे प्रश्न त्याच्याशी संबंधित असतो. इंग्लंडात कन्सर्न्ड अधिकारी म्हणजे चिंतेत पडलेला अधिकारी. आपल्या सरकारी पत्रांत तो संबंधित अधिकारी, आणि त्याला कसलीच चिंता नसते. या दोन ठिकाणी पाँडिचेरीचा विद्यार्थी फ्रेंचकडून आला काय किंवा तमिळनाडूच्या कचेरीकडून आला काय, एकाच चुकीपाशी पोहोचतो, आणि ती चूक शंभर कोटींच्या देशात चूक नाही. परीक्षकानं लाल रेघ मारली तर ती नेमकी कोणाच्या इंग्रजीखाली?

पुन्हा त्या मुलीकडे येते. तिला जूनमध्ये ‘ग्राँ ओराल’ द्यायची आहे, २०२१पासून सुरू झालेली वीस मिनिटांची तोंडी परीक्षा. तिच्या अधिकृत निकषांत ज्ञान आणि युक्तिवाद आहेतच, शिवाय विद्यार्थ्याचं स्वतःच्या बोलण्यातलं आँगाज्माँ आणि त्याच्या काँव्हिक्स्याँची ताकद हीसुद्धा पाहायची असते. म्हणजे सार्त्रचा शब्द आता गुणपत्रिकेत आहे. तिनं मला विचारलं, “मी आँगाजे दिसते का?” ती खुर्चीत ताठ बसली होती, हात टेबलावर, शाळेत शिकवलेत तसे. मी म्हटलं, दिसतेस. खरं म्हणजे ती तेव्हा दिसत नव्हती; दिसली होती ती मामांविषयी बोलताना, पाठ वाकवून, केस तोंडात धरून.

मी यादी फेकून द्यायला सांगितली नाही. तिला सोमवारी शब्द पाठ असायला हवे होते, आणि पाठांतराशिवाय कुठलीच परकी भाषा मला स्वतःलाही आली नाही. आम्ही फक्त एक केलं. पेन्सिल घेऊन प्रत्येक स्वल्पविरामावर थांबलो आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या शब्दांसाठी एकेक माणूस शोधला. कोण कोणाला असं म्हणेल? ‘अर्ज’ या शब्दासाठी आई सापडली, आग्रह करकरून वाढणारी. ‘कोक्स’साठी मांजर पलंगाखालून काढणारा भाऊ. ‘ब्रेनवॉश’साठी आजोबा, जे मामांच्या संघटनेविषयी हाच शब्द वापरतात, तर मामा स्वतः त्याच कामाला लोकांना जागं करणं म्हणतात. यादीत हे दोन शब्द तीन ओळींच्या अंतरावर आहेत. दोन तास गेले, यादीचा अर्धाही भाग झाला नाही.

अर्जातलं तिसरं वाक्य तिनं शेवटी स्वतःच बदललं. त्यात मिलिटंट नव्हता, ॲक्टिव्हिस्टही नव्हता, कुठलंच नाम नव्हतं. तिनं लिहिलं की माझे मामा बस चालवतात आणि संध्याकाळी संघटनेच्या खोलीत बसून लोकांना ‘टॉक आउट ऑफ’ करतात. कशातून, तर हार मानण्यातून. मी एक उपपद दुरुस्त केलं आणि अर्ज तिच्याकडे परत दिला.